आणखीबाई

पहिल्या उत्तरावर त्या कधी विश्वास ठेवत नसत. रेल्वे कॉलनीच्या गणपतीत कुणी साधा खोकला सांगितला तरी विचारत, "आणखी?" म्हणून जयपूरच्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं नाव आणखीबाई पडलं. त्या मनोविकारतज्ज्ञ, दवाखाना सोडाला भागात, नवरा रेल्वेत.

माझा धाकटा भाऊ विनू जगतपुऱ्यात शेजारणीच्या न्हाणीघरात डोकावताना पकडला गेला, तेही साखरपुडा तोंडावर असताना. रिकाम्या हाताने इथे येऊन मी रत्नांचा धंदा उभा केलाय, सौदा मला कुणी शिकवू नये. बाईंना म्हणालो, एवढी एक खोड आहे, तेवढी घालवा.

"पकडली जाते ती एक, भाऊ," त्या म्हणाल्या. "अशा विकृती पुष्कळदा जोडीने असतात. नसतीलही. पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही."

मला बाहेर बसवलं. नसलेलं काहीतरी त्याच्या डोक्यात भरणार, अशी माझी खात्री होती. परतताना विनू स्कूटरवर मागून हळूच म्हणाला, बसच्या गर्दीतही तो बायकांना मुद्दाम खेटत असे. मी गाडी बाजूला घेऊन बाईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. हे तुम्हीच त्याच्याकडून वदवलंत, म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं. "मनात काय येतं त्याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण इथे बायकांना त्रास झालाय, दोन्हीकडे. एका विकृतीवरच उपचार केले तर दुसरी तशीच राहील."

शिवाय मुलीला लग्नाआधी सांगा, हा त्यांचा हट्ट. मी घासाघीस केली, निदान बसचं तरी राहू द्या. बाई एक पाऊल मागे येईनात. शेवटी विनूनेच तिला सगळं सांगितलं. तिने नकार कळवला. तो राग मी अजून सोडलेला नाही.

बाईंच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा स्टेशनवर विनू गेला, मी नाही. मी त्याच आठवड्यात सिव्हिल लाइन्सजवळ दुसरा डॉक्टर शोधला. त्याने विनूला दोन प्रश्न विचारले आणि हसून मला म्हणाला, डोकावण्याचीच सवय आहे ना, लग्न लावून द्या, भाईसाहब. हेच तर मला ऐकायचं होतं.

विनू खाली मान घालून बसला होता. मला बाईंचा संताप आला, आणि मी म्हणालो, "डॉक्टरसाहब, बसमधलं तुम्ही त्याला विचारलंच नाही."