स्टेजवर न आलेली लाँच

नाटकाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी अलिबागच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंना गाणी लावायचं काम करत होते. मुंडावळ्या बांधताना एक गाणं, सप्तपदीला दुसरं, पाठवणीला सनई. चेहरे बदलायचे, गाणी तीच. आमचं गाव चौलपासून आत, भातशेतीचं. सकाळची एसटी पकडायच्या आधी जो वेळ मिळायचा त्यात मी लॅपटॉप उघडून बसायचे आणि स्वतःचं काहीतरी करायचे. त्याला संगीत म्हणायची मला भीती वाटायची.

इंटरनेटवरचे आवाज बनवायला शिकवणारे व्हिडिओ बघून बघून मी शिकले. त्यातल्या बहुतेकांची सुरुवात एका साध्या, गुळगुळीत स्वरापासून व्हायची. त्या स्वराला खरखर कशी द्यायची, त्याचा वरचा भाग कसा कापायचा, तो हळूहळू कसा उगवायचा आणि मावळायचा, हे सगळं मला येत होतं. तरी एकही काम पुरं होत नव्हतं. एखादा आवाज तासभर घासायचा, एसटीत बसल्यावर तो डोक्यात वाजायला लागायचा आणि अलिबाग यायच्या आत तो मला फालतू वाटायला लागायचा. दुसऱ्या दिवशी नवी फाइल. फायलींची नावंसुद्धा तशीच: 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच फायनल'.

आजूबाजूच्या गावांतल्या दोन-तीन गायकांना मी हळदीच्या गाण्यांचे ट्रॅक करून दिले होते. ते मांडवात दणकून वाजले. पण ऐकणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "भारी हाय, कुठला पॅक वापरला?" प्रश्न बरोबरच होता. ढोल, ताशा, बास, सगळे आवाज तयार पॅकमधले. माझं त्यात काय होतं, हे मला सांगता यायचं नाही, आणि ते दिवसभर टोचत राहायचं.

घरी आणखी एक गोष्ट होती. माझे वडील बेंजोवाले. पावसाळ्यात शेती आणि लग्नसराईत बेंजो पार्टी, असं त्यांचं आयुष्य गेलं. मग गावोगाव डीजे आले आणि पार्टीला सुपारी मिळायची बंद झाली. बेंजो पेटीत गेला. एकदा माझ्या लॅपटॉपकडे बघत ते म्हणाले, "आमची पार्टी याच डब्यानं बुडवली." रागाने नाही, पाऊस लांबला म्हणावं तसं म्हणाले. पण त्यानंतर मी हेडफोन लावल्याशिवाय कधी काही वाजवलं नाही.

एक दिवस स्टुडिओत शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. एकांकिका बसवायच्या. जुन्या प्रयोगाचं शूटिंग पेन ड्राइव्हवर हवं होतं. फाइल कॉपी होत असताना आमच्या मालकांनी सहज सांगितलं, "ही आवाजाचंही करते."

बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आवाजाचं म्हणजे?"

"म्हणजे... बनवते. थोडंफार."

"थोडंफार चालणार नाही," त्या म्हणाल्या. "मला एक लाँच हवी आहे."

स्पर्धेसाठीची नवीन एकांकिका दोन बायकांची होती. एक म्हातारी, एक तरुण. दोघी जेट्टीवर शेवटच्या लाँचची वाट बघत बसलेल्या. तरुण बाईचा नवरा त्या लाँचने यायचा आहे. लाँच दिसत नाही, फक्त ऐकू येते. जवळ येते, येते, आणि धक्क्याला न लागताच पुढे निघून जाते. "लोकांनी ती ऐकून मान वळवली पाहिजे," बाई म्हणाल्या. "लाटाबिटा काही घालू नकोस. समुद्र इथं सगळ्यांना पाठ आहे."

मी हो म्हटलं.

सुट्टीच्या दिवशी आगरदांड्याला गेले. छोटा रेकॉर्डर, त्याच्यावर वाऱ्यासाठी लोकरीचा मोजा चढवलेला. दिघीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसून मी तिकडे गेले, परत आले, पुन्हा गेले. तिकिटं देणाऱ्याने शेवटी विचारलंच, "ताई, कुनाला शोधताय का?" धक्क्यावर उभी राहून येणारी लाँच रेकॉर्ड केली, जाणारीही केली. घरी येताना वाटलं, झालं काम. अस्सल आवाज मिळाला, आता आणखी काय हवं?

तालमीच्या हॉलमध्ये तो लावला. म्हातारीचं काम करणारी बाई एरवी नर्स होती, तिला हसू आवरेना. "अगं, ही तर पिठाची गिरणी!"

खरंच गिरणी होती. डोळ्यांसमोर खाडी नसली की त्या इंजिनात लाँच उरतच नव्हती. बाई एवढंच म्हणाल्या, "अजून वेळ आहे."

पुढचे काही आठवडे मी माणसात नव्हते. चौलच्या वाडीत पाण्याचा पंप चालू असला की सायकल थांबवून ऐकत उभी राहायचे. थांब्यावर उभी असलेली एसटी कशी धडधडते, आईचा मिक्सर बंद होताना कसा खाली खाली येतो. जेवताना ताटावर बोटं वाजवायचे. आई म्हणायची, "अंगात काय आलंय का?" स्टुडिओत एका नवरीच्या पाठवणीवर मी चुकून हळदीचं गाणं चढवलं आणि बोलणी खाल्ली.

लाँच मी कोऱ्या स्वरापासून बांधायला घेतली. एक खोल स्वर, त्याला धापा टाकल्यासारखे ठोके, वर थोडी खरखर. मग आणखी एक थर, मग आणखी एक. जितकं घालावं तितकी ती खोटी व्हायची. आगरदांड्याचं रेकॉर्डिंग मी पुन्हा लावलं, पण या वेळी लाँच धक्क्याशी येते तो भाग सोडून त्याच्या कितीतरी आधीचा. तिथे जवळजवळ काहीच नव्हतं. वारा होता, आणि त्यात मधूनच दोन ठोके. मग काही नाही. मग तीन ठोके. लांबून येणारी लाँच अखंड ऐकू येतच नाही, वारा ती तुकड्यातुकड्यांनी आणून देतो. मी थर काढायला लागले. वरचे सूर कापून टाकले, ठोके मधेच गाळले. जे गाळलं ते कान आपसूक भरून काढत होता.

त्या सकाळी मी हेडफोन काढले आणि स्पीकरवर लावलं. वडील पडवीत दात घासत होते.

"बाबा, ओळखा."

त्यांनी ऐकलं. "पंप हाय."

"न्हाय."

"मग रेडिओ बिघडलाय." चूळ भरून ते आत आले, जरा वेळ उभे राहिले. "थांब. लांब हाय काय ते?"

आनंदाच्या भरात मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

स्पर्धेतला आमचा प्रयोग दुपारचा होता. वडील म्हणाले, "मी पन येतो," आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी हॉलच्या मागच्या बाजूला, प्रेक्षकांच्या पाठीशी, लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन बसले. बाई शेजारी, हातात संहिता. प्रयोग सुरू व्हायच्या आधी मी फाइल तीनदा बदलायला गेले. तिसऱ्यांदा बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

सुरुवात छान झाली. मग मध्यावर नर्स अडली. म्हातारीचं लांब भाषण होतं, त्यातलं पहिलं वाक्य तिने म्हटलं आणि पुढचं आलंच नाही. तरुण नटी तिच्याकडे बघत राहिली. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. ती शांतता नाटकातली नाही, हे आता लोकांना कळायला लागलं होतं.

लाँच यायला अजून दोन पानं बाकी होती. मी तिचा आवाज चढवायला घेतला.

"अगं, अजून नाही!" बाई कुजबुजल्या.

मी ऐकलं नाही. अगदी हळू, एक ठोका. मग काही नाही. मग दोन. नर्सने मान उचलली. ती खरोखरच ऐकत होती. आमच्यापुढच्या रांगेतला एक माणूस वळून दाराकडे बघायला लागला, आणि त्याच्या शेजारची बाई म्हणाली, "लाँच आली वाटतं." स्टेजवर नर्स सावकाश उठली, तरुण नटीचा हात धरला आणि म्हणाली, "बघितलंस? मी म्हणत होते ना?" हे संहितेत कुठेच नव्हतं. पण तिथून तिला वाट सापडली आणि तिने भाषण उचललं. मी आवाज वाऱ्यात हरवू दिला आणि पुढची दोन पानं एका बोटावर तोलून धरली. ठोके आणायचे, गाळायचे, पुन्हा आणायचे. ठरवलेल्या जागी लाँच जवळ आली आणि निघून गेली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. पडदा पडल्यावर बाईंनी संहिता मिटली आणि फक्त "हं" म्हणाल्या.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. आवाजाचं वेगळं बक्षीस होतं, ते दुसऱ्याच नाटकाला गेलं. त्यांनी वादळ आणलं होतं आणि खुर्च्या हादरल्या होत्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

परतीच्या एसटीत वडिलांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "शेवटाला ती जाते ना, ते जरा लवकर तोडलंस. अजून चार ठोके पायजे होते."

पार्टीतल्या माणसाने पार्टीतल्या माणसाला सांगावं, तसं ते बोलले. माझा हात सवयीने बॅगेतल्या लॅपटॉपकडे गेला. चार ठोके वाढवायला किती वेळ लागणार होता?

"नाही बाबा," मी म्हटलं. "तिथंच तुटायला हवं. त्या पोरीला कळायच्या आत लाँच गेलेली असते."

त्यांनी विचार केला. "मला न्हाय पटत."

"नाही तर नाही."

ते हसले, आणि चौलपर्यंत आम्ही त्यावरच वाद घालत आलो. ऐनवेळी सुपारी मोडलेल्या वराती, बंद पडलेले माइक, नवरदेव उतरायच्या आधीच संपलेली गाणी, असं काय काय त्यांनी सांगितलं. यातलं बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाईंनी पुढच्या एकांकिकेलाही मला बोलावलं. आता मुंबईहून चौलला घर घेतलेल्या एका जोडप्याच्या लघुपटाचं कामही आलंय. त्यांना मिठागरावर ऊन पडल्याचा आवाज हवा आहे. उन्हाला आवाज कुठला, असं मी त्यांना म्हटलं नाही. दोन आठवडे झाले, जमत नाहीये, जेवण गोड लागत नाहीये. कालच केलेला आवाज आज सकाळी पुसून टाकला. पण फाइलला या वेळी मी नुसतं 'मिठागर' असं नाव दिलंय.