घाट उतरेपर्यंत

मी भंडाऱ्याकडचा, आठवीतून शाळा सोडलेला. बीडला पिकअपवर नुकताच लागलो होतो. पहिल्याच खेपेला मांजरसुंब्याचा घाट बघून मी गाडी कडेला घेतली. माल खाली पोचला नसता, तर नोकरी गेली असती.

शेळ्या चारणारा एक म्हातारा खिडकीशी आला. "का थांबलास रं?"

"घाटात कधी चालवली नाही, बाबा."

तो शेजारी येऊन बसला. "चल. मला बी खालीच जायचंय."

उतार लागताच डिझेल वाचवायच्या सवयीनं मी गाडी न्यूट्रल करायला गेलो. त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. "दुसऱ्या गिअरवरच राहू दे. लई घाई हाय का?"

हात त्यानं काढला नाही. खाली बिंदुसरेचं तळं दिसलं. वळणाआड लपायचं, पुन्हा वर यायचं. डोंगर सावकाश मागे सरकत होते, आणि गाडी मीच चालवतोय हे खरं वाटेना.

तळ्याजवळ उतरून तो परत घाटाकडे निघाला.

"बाबा, तुम्हाला खाली यायचं होतं ना?"

"मला कशाला? शेरडं वर हायेत माझी."

मी हात जोडेपर्यंत तो चढाला लागला होता.