एजंटला शुक्रवार कुणी सांगायचा?

आमच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहा यायला उशीर झाला की कुणीतरी एक सांगतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा येतो तेव्हा तो प्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. हल्लीचे तर सगळे किस्से एकाच पाहुण्याचे आहेत.

आधी ओळख करून देते. बोईसरला आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल कधी, किती आणि कुठल्या गाडीतून जायचा, ते आमच्या सॉफ्टवेअरवर ठरतं. राऊतसर मालक. मी माकुणसारहून येते, प्रोग्रॅम लिहिते. घिवलीची कल्पना ग्राहकांचे फोन घेते. एक दिवस सर म्हणाले, आता ग्राहक नुसता मेसेज करतील आणि एआय एजंट आपली टूल्स, म्हणजे गाडी लावणं, ऑर्डर रद्द करणं अशी एकेक कामं करणारे सॉफ्टवेअरचे भाग, स्वतःच वापरेल. त्यासाठी प्रत्येक टूल काय करतं, ते त्याला कळेल असं लिहायचं. ते काम माझ्या गळ्यात पडलं.

कल्पनाने त्या दिवशी डबा उघडलाच नाही. "सगला तोच करनार, मंग मी काय करू?" एवढंच म्हणाली.

*

पहिल्याच टूलखाली मी लिहिलं, 'गाडीत भरलेल्या मालाची नोंद करते. वजन द्यावे.' एजंटने वजन दिलं पाच. पाच म्हणजे पाच टन, हे आमच्याकडे गेटवरच्या वॉचमनलाही कळतं. टूल मात्र किलोत मोजत होतं. स्क्रीनवर पाच किलो रंग घेऊन भलामोठा ट्रक नागपूरला निघाला! नशीब, सगळं चाचणीतच चाललं होतं.

कल्पना किती दिवसांनी हसली. "येवढा तर मी पिशवीत घालून देते," म्हणाली.

*

मग तातडीच्या गाडीचं टूल. त्याखाली मी लिहिलं, 'घाई असेल तरच वापरावे.' वाक्य मला फारच आवडलं होतं. पण आमचा ग्राहक 'गुड मॉर्निंग'च्या आधी 'अर्जंट' लिहितो. एजंटने बिचाऱ्याने प्रत्येकाचा शब्द खरा मानला. सगळ्या गाड्या तातडीच्या, सगळ्या एकाच वेळी आणि एकाच गेटवर!

मी वाक्य बदललं. 'माल आजच निघायला हवा असेल तरच वापरावे. ग्राहकाने नुसतं अर्जंट लिहिलं म्हणून वापरू नये.' सरांनी ते वाचलं आणि म्हणाले, हे आपल्या ग्राहकांनाही पाठवून दे.

*

सर्वांत मोठा घोळ शुक्रवारचा. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी. रविवारी जग झोपलेलं असतं तेव्हा आम्ही कामावर असतो, आणि नातेवाइकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीलाच पोचतो. मी लिहिलं होतं, 'सुट्टीच्या दिवशी गाडी लावू नये.' एजंटने रविवार स्वच्छ रिकामा ठेवला आणि शुक्रवार गच्च भरला.

सर आधी त्याच्यावर तापले. मग माझ्याकडे वळून विचारलं, तू शुक्रवार लिहिला होतास का?

"शुक्रवार काय लिहायचा असतो, सर?"

सर हसत सुटले. त्यांनीही तो लिहिला नसता.

*

ही सवय घरीही लागली. एकदा नवरा एकटाच भात लावणार होता. मी त्याला अगदी टूलसारखं सांगितलं. इतके तांदूळ, इतकं पाणी, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. संध्याकाळी घरी आले तर हा कुकरसमोर उभा. शिट्टी कशी होणार? सिलिंडर संपला होता. म्हणाला, शिट्टीच झाली नाही तर काय करायचं, ते तू सांगितलं नव्हतंस.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक टूलखाली एक ओळ वाढवली, 'उत्तर आलं नाही तर काय करावे.' त्या रात्रीचा भात मात्र आम्ही बाहेरूनच मागवला.

*

शेवटी डेमोचा दिवस आला. रंगाच्या कारखान्यातले सावेसाहेब आमचे सर्वांत जुने ग्राहक. रोज सकाळी फोन करून कल्पनाशी भांडायचं आणि मग कामाला लागायचं, हा त्यांचा नेम. ते हो म्हणाले की बाकीचे हो म्हणणार होते. साहेबांनी आमच्यासमोर बसून मेसेज केले. गाडी बदल, पत्ता बदल, ऑर्डर रद्द कर. एजंटने सगळं बिनचूक केलं. रद्द करण्याआधी तर नम्रपणे विचारलंसुद्धा. सर खुलले. मला आनंद झाला, आणि कल्पनाकडे बघवेना.

साहेबांनी मोबाइल बाजूला ठेवला. चेहरा पडलेला.

"काम चोख हाय," ते म्हणाले. "पण मी चार शब्द सुनावले तर हा माफी मागतो. मंग भांडू कोनाशी? मला कल्पना पायजे."

सर म्हणाले, कल्पना कुठेही जात नाही, आपण एक टूल वाढवू, कल्पनाला फोन जोडण्याचं. मला म्हणाले, आत्ताच लिहून टाक. मला इतकं बरं वाटलं की आधी डोळे पुसावे लागले. मग मी कल्पनाला विचारलं, फोन तुला कधी जोडायचा?

"सायेब ओरडाया लागले का जोड."

"आणि शांत असले तर?"

कल्पनाने सावेसाहेबांकडे एकवार पाहिलं.

"तवा तर लगेच जोड."