साडूची शिसपेन्सिल

लॅबमध्ये भांडायला जाऊन तिथेच शिकायला राहिलेला माणूस सबंध पनवेल तालुक्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. वय त्रेचाळीस, वजन शंभरच्या आसपास, गळ्यात करंगळीएवढी जाड सोन्याची साखळी. आवाज असा, की त्याने एसटी स्टँडवर मला हाक मारली तर दोन कंडक्टर वळून बघतात. घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागरं गेली, तिथे इमारती आल्या आणि त्यांतल्या दोन याच्याच आहेत. नोकरीची गरज त्याला कधीच नव्हती. तो बी.एस्सी. झालेला आहे हे आम्ही सगळे विसरलो होतो, तो स्वतःसुद्धा.

भांडणाचं कारण नोंदवणं आवश्यक आहे. त्याच्या आईच्या मानेला गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून, तो कुजू नये म्हणून फॉर्मलिन भरलेल्या डबीत घातला आणि डबी लॅबमध्ये पोचवायला याच्या हातात दिली. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली, डबीचं झाकण सैल होतं, फॉर्मलिन सांडलं. शनिवारची संध्याकाळ होती, लॅब बंद झाली होती. हा डबी घेऊन घरी आला, तिच्यात नळाचं पाणी भरलं आणि वर दोन चमचे मीठ टाकलं. त्याच्या घरात मिठाने आजवर सगळं टिकवलं होतं, मासळी, कैरी, लिंबं. गाठीचा तुकडा टिकणार नाही असं त्याला वाटण्याचं कारण नव्हतं. सोमवारी त्याने डबी दिली. आठवड्याने कागद आला: नमुना खराब झाला आहे, दुसरा पाठवा.

चार माणसं गाडीत घालून हा लॅबवर गेला. तुकड्यांचा विभाग ज्या मॅडम सांभाळतात, त्या बारीक अंगाच्या आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी सगळी आरडाओरड ऐकून घेतली आणि एकच विचारलं, "दादा, डबीत काय ओतलं होतं?"

"मीठ. मिठाचं पाणी."

"कुणी?"

त्याने बरोबरच्या चौघांना चहा प्यायला पाठवलं. मग मॅडमना हळूच विचारलं, "मग घालायचं काय होतं?" माझ्या मते त्याचं शिक्षण त्या प्रश्नापासून सुरू झालं. त्याच लॅबमध्ये चालणाऱ्या तंत्रज्ञ अभ्यासक्रमाचा अर्ज त्याने पुढच्या महिन्यात भरला, तो केवळ कागदोपत्री भाग.

आईने दुसऱ्यांदा मान पुढे केली, तक्रार केली नाही. फक्त लेकाला म्हणाली, "माज्या मानंचं सुकट केलंस का रं?" घरात सगळे हसले. साडू हसला नाही.

काम कसं असतं ते त्याने मला इतक्यांदा सांगितलं आहे की परीक्षेला मीही बसू शकेन. तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मग वितळलेल्या मेणात बसवून त्याची वडी करायची, तिला ब्लॉक म्हणतात. यंत्रावर त्या ब्लॉकचे केसाहून कितीतरी पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघतात ते हे. काप इतका हलका की जवळ कुणी जोरात बोललं तरी उडतो. पहिल्या आठवड्यात साडूच्या एका शिंकेने सकाळचं सगळं काम वाया गेलं. वर्गातल्या विशीतल्या मुली म्हणाल्या, "काका, तुम्ही बाहेर जाऊन शिंका ना!" तेव्हापासून तो कुजबुजत बोलायला लागला. घरी माझी मेहुणी घाबरली. तिने माझ्या बायकोला फोन करून विचारलं, "हे हळू बोलतात गं. काही लपवतात का?"

अंगठ्या पहिल्या दिवशीच निघाल्या. सरावासाठी घरातल्या मेणबत्त्या आणि साबण कापून झाले. पुतण्याच्या वाढदिवसाला केक कापायचं काम याच्याकडे आलं, तर त्याने एवढे पातळ काप काढले की मुलांना चव लागेना आणि अर्धा केक उरला. एवढं करून लॅबमध्ये काप मात्र फाटतच होते. मॅडम रोज म्हणत, "दादा, हात हलका." महिनाभराने एकदा कोमट पाण्यावर तरंगणारी कापांची मेणाची फीत बघत तो थांबला. लहानपणी आजाबरोबर मिठागरात पाहिलेली, खाऱ्या पाण्यावर धरणारी मिठाची पहिली साय त्याला आठवली. आजा ती ओढत नसे, तिच्याखाली फळी सरकवत असे. साडूने काच तशी सरकवली. काप अखंड आला. मॅडम म्हणाल्या, "हं." त्या शब्दाबद्दल त्याने गावात पेढे वाटले.

पण त्याची खरी ओळख झाली ती शिसपेन्सिलीने. तुकडा ज्या छोट्या जाळीदार डबीत घालून द्रवांमधून फिरवतात आणि जी पुढे ब्लॉकलाच चिकटून राहते, तिच्यावर नंबर पेन्सिलीनेच घालावा लागतो. शाई पुढच्या द्रवांमध्ये विरघळून जाते, पेन्सिल टिकते. हा नियम त्याला इतका पटला की तो पेनशी बोलेनासा झाला. पेन्सिल कायम कानावर, लग्नातही. घरातल्या बरण्यांवर त्याने नंबर घातले. आता मेहुणी वाण्याला सांगते, "नऊ नंबर संपलाय," आणि मग कपाळावर हात मारून म्हणते, "हळद हो, हळद." पुतणीच्या लग्नपत्रिकांवर त्याने पाहुण्यांची नावं पेन्सिलीने लिहिली. एका आत्याबाईंनी दारातच ऐकवलं, "आमचं आवतान खोडायचा इचार हाय का?"

आईला हे सगळं बघायला वर्षभरच मिळालं. दुसऱ्या नमुन्यातून आजार कळला, उपचार झाले. मधले तीन आठवडे गेल्याने फरक पडला नाही असं डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं. परीक्षेच्या दोन महिने आधी ती गेली. तो परीक्षेला बसणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. तो बसला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला नेहमीचाच प्रश्न विचारला, "फॉर्मलिन मिळालं नाही, तर तुकडा दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवता येईल का?"

मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, त्याने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा तो त्याच्या जुन्या, मोठ्या आवाजात म्हणाला, "नाय चालत, सर. मी ठेवून बघितलाय."

तो पास झाला. आता तो त्याच लॅबमध्ये असतो. आलेली प्रत्येक डबी उलटी धरून झाकण तपासतो आणि फोनवर लोकांना कुजबुजत सांगतो, "सांडलं तर घरचं कायपण ओतू नका. मला फोन करा."

मागच्या महिन्यात मी त्याला भेटायला गेलो. तिथे जुने ब्लॉक वर्षानुवर्षं जपून ठेवतात. त्याने एक खण ओढला, न शोधता एक ब्लॉक काढला आणि माझ्यासमोर धरला. पिवळट मेणात वाटाण्याएवढं काहीतरी होतं. वर नाव नव्हतं, फक्त पेन्सिलीचा नंबर. अक्षर मॅडमचं, दुसऱ्या नमुन्याच्या वेळचं.

"मिठागर गेलं, आय गेली," तो म्हणाला. "हे बघ. पेन्सिल हाय. गेली नाय."

मग त्याने ब्लॉक नंबरानुसार त्याच्या जागी ठेवला आणि खण आवाज न करता बंद केला.