जस्ताची बादली

यवतमाळहून आर्णीला आमच्या कॉलेजात प्रयोगाचं सामान नेहमी एकच कुरिअरवाला आणून देतो. दुचाकीवरून खोकं उतरवताना हलकेच थोपटतो आणि म्हणतो, "मॅडम, पाहुणा आणला. सांभाळा."

मी जस्ताला चिकटणाऱ्या प्रथिनांवर काम करते. बाहेरचं कणभर जस्त आत आलं की प्रयोग वाया, म्हणून माझ्याकडे भांडीसुद्धा प्लास्टिकची.

मे महिन्यात त्याची गाडी वाटेत पंक्चर झाली. खोक्यातला बर्फ वितळायला लागला, तेव्हा यानं रसवंतीवरून बादलीभर बर्फ घेतला, प्रथिनाच्या सीलबंद कुप्या त्यात पुरल्या आणि थेट प्रयोगशाळेत आला. जस्ताच्या बादलीसकट!

"बाहेर! आधी ती बादली बाहेर!" मी ओरडलेच.

तो गोंधळून उंबऱ्याबाहेर सरला. "काहून जी? पाहुणा थंडा आहे ना?"

कुप्या खरंच थंडगार होत्या. बादलीभोवती ओला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला होता. एरवी तो त्याच्या डोक्याला असतो. आज कपाळ आणि कान उन्हानं लालबुंद झाले होते.

मी घाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यानं मान हलवली.

"आधी पाहुण्याचं पाहा जी. मी त घरचाच आहो."