भाषणात राहिलेलं नाव

अमेरिकेत, शुगर लँडच्या आमच्या जिममध्ये एक सात फुटी म्हातारा रोज सकाळी स्विमिंग पूलमध्ये नुसता चालायचा. गुडघे पार गेले होते. एके काळचा मोठा बास्केटबॉलपटू, बास्केटजवळ 'सेंटर'च्या जागेवर खेळणारा, थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेला. पण कोणी फोटो मागितला की लाजायचा.

एकदा मी विचारलं, "त्या सन्मानाच्या दिवशी कसं वाटलं?"

तो थांबला. "भाषणात सगळ्यांचे आभार मानले, एकाचं नाव राहिलं. माझ्या जागेवरचा राखीव खेळाडू. नऊ वर्षं सरावात त्याने माझी कोपरं छातीवर झेलली आणि मॅचला बाकावर बसला. त्याच्यामुळे मी घडलो."

"मग फोन करायचा ना!"

"केला. म्हणाला, 'अरे, त्या दिवशी मी टीव्ही लावलाच नव्हता.' पण फोन आधी त्याच्या बायकोने उचलला होता. ती बोलून गेली होती, सगळं घर शेवटपर्यंत टीव्हीसमोर बसलं होतं." तळहाताने तो पाणी सारखं करत राहिला. "आता माफी मागायची, तर त्याला खोटं पाडावं लागेल."

त्या सकाळी मी पोहलो नाही, त्याच्या शेजारून चालत राहिलो.