केदारखेड्याचा बारा दोऱ्यांचा गोफ

"मास्तर, खाली उतरा. त्याला हात लावायचा न्हाई."

मी शिडीच्या पाचव्या पायरीवर होतो. डोक्यावर वीतभर अंतरावर, मंदिराच्या सभामंडपाच्या तुळईला, काजळीनं काळा पडलेला मनगटाएवढा जाड गोफ लटकत होता. खाली गोदाबाई उभ्या होत्या. साठीच्या, सडसडीत, आवाज खणखणीत. मी मुकाट्यानं उतरलो. शाळेत दोनशे पोरं माझ्या आवाजावर उठतात-बसतात, पण त्या बाईपुढं माझी शिट्टी चालली नसती.

मी तेव्हा भोकरदनच्या शाळेत ड्रिल मास्तर होतो. निजामाचं राज्य होतं. ड्रिल म्हणजे कवायत. रांगा, वळणं, डंबेल्स. हुकूम इंग्रजीत, हजेरी उर्दूत आणि शिव्या मराठीत. त्या वर्षी वरून हुकूम आला की जालन्याला मोठा जलसा होणार, मुलखातले जुने नाच तिथं दाखवायचे आणि ते कसे नाचतात हे लिहूनही पाठवायचं. आमचे हेडमास्तर, म्हणजे त्या काळचे सदर मुदर्रिस, सावध गृहस्थ होते.

"मास्टर, आपण डंबेल्स दाखवू. बिलकुल धोका नको."

"साहेब, डंबेल्स हा नाच नाही."

"बाजा वाजवला की होतो."

मी म्हटलं, केदारखेड्याला गोफ आहे असं ऐकलंय. पंधरा दिवस द्या. त्यांनी आठ दिले.

गोफ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. उंचावर एक कडी बांधतात. तिला रंगीत दोऱ्या. प्रत्येक दोरीचं टोक एकेका नाचणाऱ्याच्या हातात. निम्मे गडी उजवीकडं निघतात, निम्मे डावीकडं. समोरून येणाऱ्याला एकदा बाहेरून ओलांडायचं, पुढच्याला आतून. खाली असा नाच चालतो आणि वर आपोआप वेणी विणली जाते. मग तोच नाच उलटा नाचायचा. वेणी सुटते, दोऱ्या मोकळ्या होतात. एक पाऊल चुकलं की गुंता.

केदारखेड्याचा गोफ बारा दोऱ्यांचा. त्याच्या मधल्या भागात वेणी अचानक फुगते आणि ज्वारीच्या कणसासारखी दाणेदार दिसते. ते 'कणीस' पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला जमत नसे. घटस्थापनेला विणायचा, नऊ दिवस तसाच ठेवायचा आणि दसऱ्याला नाचून सोडायचा, अशी रीत होती. एका वर्षी गोफ विणला आणि त्याच नऊ दिवसांत गावात मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ शिरली. बारांपैकी नऊ जण गेले. त्यांचा म्होरक्या सखाराम, गोदाबाईंचा नवरा, सगळ्यात आधी गेला. दसऱ्याला गोफ सोडायला कुणी उरलं नाही. तेव्हापासून इतकी वर्षं तो तसाच लटकत होता.

उरलेल्या तिघांतले दोघं पुढं गाव सोडून गेले. एक विठोबा होता. त्याला विचारलं, "पावलं आठवतात का?"

तो म्हणाला, "मी आपला पुढच्याच्या पाठीकडं बघून चालायचो. पुढचाच गेला."

आता अडचण बघा. नाच कुणाला येत नाही. तो फक्त त्या वेणीत शिल्लक आहे. वेणी उकलून पाहावी, तर गोदाबाई म्हणतात हातानं सोडायची नाही, नाचूनच सुटली पाहिजे. आणि नाचून सोडायची तर नाच आला पाहिजे!

मी पायऱ्यांवर बसलो आणि वर बघत राहिलो. कवायतीत एक हुकूम असतो, 'ॲज यू वेअर'. म्हणजे आत्ता केलंत ते मोडा आणि आधी होतात तसे उभे राहा. त्यासाठी सगळी कवायत पाठ लागत नाही. शेवटची एक हालचाल कळली की पुरे. ती मोडली की तिच्या आधीची दिसते.

मी उडी मारूनच उठलो.

"गोदामावशी, मी हातानं सोडत न्हाई. बारा गडी द्या. बारा जण दोऱ्या धरून उभे राहतील. मी शिडीवरून नुसतं बघीन आणि सांगीन. चालतील तेच. म्हणजे नाचूनच सुटला ना?"

"आन् चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"चुकलं तर गोफ गेला."

"खरं बोलून राह्यले तुमी," त्या म्हणाल्या. "घ्या गडी."

विठोबा आणि अकरा नवे गडी उभे केले. दोऱ्यांचे रंग पार उडाले होते, सगळ्या सारख्याच काळ्या. म्हणून टोकांना एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. जमिनीवर चुन्यानं गोल आखला. शिडीवर चढलो, वही गुडघ्यावर ठेवली. गमक साधं होतं. वेणीच्या शेपटाला जी दोरी वर दिसते, तो गडी बाहेरून गेला होता. जी खाली दबलीय, तो आतून.

"चार नंबर, मागं. बाहेरून. पाच नंबर, मागं. आतून."

दोघं सरकले. वरची एक दोरी हलली, दुसरीवरून घसरली आणि सुटली. बोटभरच. पण बारा जणांच्या तोंडून एकदम "हां!" निघालं. मी वहीत लिहिलं.

दुपारपर्यंत हातभर गोफ सुटला. अंगात आलं म्हणतात तसं सगळ्यांना झालं होतं. नंबर पुकारायच्या आधीच गडी ओळखू लागले. सभामंडपाबाहेर अर्धं गाव गोळा झालं. साधी साखळी होती ती: एकाला बाहेरून, एकाला आतून. मग आम्ही कणसाला येऊन पोचलो.

आणि गोफ अडला.

इथं वेणी वेगळी होती. दोघांना बाहेरून, दोघांना आतून. ते मला दिसत होतं. मी बरोबर पुकारत होतो, गडी बरोबर चालत होते. पण दोरी सुटेना. जागच्या जागी आवळून बसली. मी तीनदा तपासलं. हिशोब पक्का होता तरी गाठ ढिली होत नव्हती.

"जरा जोर लावतो," एक गडी म्हणाला आणि त्यानं हिसका दिला. तुळईवरची काजळी खाली पडली.

"ओढू नगा!" गोदाबाई ओरडल्या. मीही ओरडलो. ओढलं असतं तर तिथंच कायमची गाठ बसली असती.

मी शिडीवरून उतरलो, वही मिटली. हेडमास्तरांचे डंबेल्स डोळ्यांपुढं दिसू लागले.

तेवढ्यात खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा बोलला. चाँदभाई पिंजारी. कापूस पिंजायचा धंदा, आणि गोफाला ढोलकी वर्षानुवर्षं त्याचीच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, काही दिसत नव्हतं. सकाळपासून नुसता ऐकत होता.

"मास्टरसाब, कणसाला आले का तुमी?"

"हो. पण अडलंय."

"मंग माझ्या दोन खाली जागा कुठं गेल्या?"

मला कळेना. त्यानं ढोलकी ओढली आणि वाजवून दाखवलं. साखळीचा ठेका सरळ जात होता. मग कणसाचा सुरू झाला. सहा ठोके वाजायचे आणि दोन ठोक्यांची जागा रिकामी. पुन्हा सहा, पुन्हा दोन रिकामे.

"या खाली जागेत गडी काय करायचे, चाँदभाई?"

"मी कुठं बघितलं? तवाबी मला धुरकटच दिसायचं. पन ऐकलंय ना. पायातले चाळ वाजायचे. सगळ्यायचे एकदम. पन पुढं न्हाई सरकायचे. जाग्यावरच."

जाग्यावरच! मी शिडीकडं धावलो. आता दोरीवर दोरी कशी पडलीय ते न बघता एकच दोरी नीट बघितली. तिला स्वतःलाच एक पीळ होता. शेजारच्या दोरीलाही. बाराही दोऱ्यांना. मी समजत होतो तो दोरी वळताना पडलेला पीळ आहे. तो माणसांनी घातलेला होता. दर चार ओलांडण्यांनंतर गडी जागच्या जागी एक गिरकी घेत होता! त्या पिळानंच दाणा फुगत होता.

"सगळे जागेवर! दोरी डोक्यावर धरा. उजव्या अंगानं गिरकी!"

दोऱ्या करकचून आणखी आवळल्या.

"ॲज यू वेअर! डाव्या अंगानं गिरकी!"

बारा गडी फिरले. वर काहीतरी सैल पडल्यासारखं झालं. कणसाचा शेवटचा दाणा आमच्या डोळ्यांदेखत उमलला आणि दोऱ्या चार बोटं खाली आल्या.

मी नोकरीत पुष्कळ टाळ्या ऐकल्या. पण त्या दुपारी सभामंडपात जो ओरडा झाला, तसा पुन्हा नाही. विठोबा तर रडायलाच लागला. "गिरकी! आरं गिरकी व्हती की!" त्याच्या पायांना आता आठवलं होतं. चाँदभाईनं ठेका धरला आणि उरलेलं कणीस आम्ही चालत नाही, नाचत सोडलं. मी पुकारायचो, ते फिरायचे, गाव ठोके मोजायचं.

दिवस मावळायच्या आधी बारा दोऱ्या मोकळ्या लटकत होत्या. गोदाबाई पुढं आल्या. त्यांनी एकेक दोरी हातात घेतली. काळ्या दोऱ्या सारख्या दिसत होत्या, पण टोकाच्या गाठी ज्याच्या त्यानं आपल्या हातानं मारलेल्या होत्या. त्या बघून त्या नावं घेत गेल्या. ही गणपतची. ही रामभाऊची. नवऱ्याची दोरी आली तेव्हा नाव घेतलं नाही, नुसती गालाला लावली.

"आता दसरा झाला," त्या म्हणाल्या.

त्यांनीच त्या दोऱ्या धुतल्या आणि पुन्हा रंगवल्या. माझ्या वहीत चौदा पानं भरली होती. आता गोफ विणायला वही उलटी वाचायची होती, शेवटच्या पानापासून पहिल्याकडं. सहा दिवस आम्ही नाचलो. कणीस चौथ्या दिवशी जमलं.

जालन्याला आम्ही गाड्या जुंपून गेलो. गोदाबाई आणि चाँदभाई पुढच्या गाडीत. जलशाच्या मांडवाशी पोचलो आणि गाडीतून उतरताना विठोबाचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. उभंच राहवेना.

"मास्तर, तुमी उभे ऱ्हा," तो म्हणाला. "तुमालाच सगळ्यायची पावलं येतात."

येत होती, कागदावर. मी आयुष्यभर इतरांना चालवलं होतं. स्वतः नाचलो कधीच नव्हतो. पण बाराव्याशिवाय वेणी होत नाही. मी बूट काढले, विठोबाचे चाळ पायात बांधले आणि बारावी दोरी धरली. समोर खुर्च्यांवर मोठे अधिकारी, त्यांच्यामागं आमचे हेडमास्तर, चेहरा पांढराफटक.

साखळी निभावली. कणसाच्या पहिल्या गिरकीला मी अडखळलो. मनात 'लेफ्ट, राइट' चालू होतं आणि त्यात गिरकी बसेना. सगळे फिरून झाले, मी अर्ध्यावर. आता पुढचा ठोका पडला की संपलं.

ठोका पडला नाही.

चाँदभाईनं दोनाच्या जागी तीन ठोक्यांची जागा रिकामी सोडली. बारांपैकी एकाचे चाळ मागं राहिलेत हे त्यानं ऐकलं होतं. मी फिरून जागेवर आलो, आणि मगच थाप पडली. पुढच्या गिरकीला मी मोजणं सोडून दिलं. कानानं चाललो. ते माझं पहिलं नाचणं. अंगावर काटा आला होता आणि तोंडावर हसू, ते आवरतच नव्हतं.

वर कणीस भरत गेलं. लाल, पिवळं, हिरवं, दाण्याला दाणा लागून. मधल्या खुर्चीवरचे साहेब उठून सरळ गोफाखाली आले आणि मान वर करून बघत राहिले. मग आम्ही उलटा ठेका धरला आणि त्यांच्या डोक्यावरच सगळं सोडून दाखवलं. दोऱ्या मोकळ्या झाल्या तेव्हा ते लहान पोरासारखे म्हणाले, "फिर से!"

फिर से केलं. वेळ दुपटीनं लागला. आमच्यानंतरच्या शाळेचे डंबेल्स रद्द झाले, त्याबद्दल मला लेखी जाब विचारला गेला.

वहीच्या मी तीन प्रती केल्या. एक शाळेत, एक वर पाठवली, एक माझ्याकडं. वरून बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, की हा मजकूर कवायतीत धरायचा की संगीतात ते कळवावं. मी कळवलं. नंतर काही आलं नाही. पण पुढच्या घटस्थापनेला केदारखेड्यात गोफ विणला गेला आणि दसऱ्याला सुटला. त्यानंतर शेजारच्या तीन गावांनी गडी पाठवून तो शिकून घेतला. त्यांतल्या एका गावचं कणीस तर मूळच्यापेक्षा सरस निघालं, हे केदारखेड्यात बोलायचं नाही.

पुढं नव्या ड्रिल मास्तरांना शिकवताना मी हे आवर्जून सांगत असे. नाच लिहून ठेवा, हरकत नाही. पण बारा जणांचा नाच असेल तर बाराच जणांना शिकवू नका. चौदांना शिकवा. आणि ढोलकीवाल्याच्या शेजारी दुसरा एक बसवून ठेवा.